धाव आणि चाकोरी : वऱ्हाडातील अरुंद चाक, शंकरपट आणि रस्त्याचा कायदा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी भाषेत बैलगाडीच्या चाकावर बसविलेल्या लोखंडी कड्यास 'धाव' असे म्हणतात आणि चाकांनी जमिनीवर पाडलेल्या खोल रेषांना 'चाकोरी'. पहिला शब्द गतीचा आहे, दुसरा बंधनाचा. वाहनाच्या चाकाचा इतिहास म्हणजे बहुतांशी या दोन शब्दांमधील ताणाचा इतिहास होय. चाक जितके अरुंद व हलके, तितके ते कठीण जमिनीवर सहज धावते. परंतु तेच अरुंद चाक भार वाहू लागले की जमीन चिरते, रस्ता फोडते आणि अखेरीस कायद्याच्या नजरेत येते.

अमरावती व अकोला हे जिल्हे या अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. येथील काळ्या कसदार जमिनीत कापसाने भरलेल्या बंड्या अनेक पिढ्या चालल्या. याच भागात शंकरपटाच्या रूपाने सरळ पट्टीवरील वेगाची शर्यतही रुजली. म्हणजे ओझ्याचे चाक व वेगाचे चाक ही दोन्ही एकाच गावात, अनेकदा एकाच सुताराच्या हातून घडत होती. चाक कसे निवडावे, हा प्रश्न वऱ्हाडी शेतकऱ्यास नवा नव्हता. मात्र वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापूस, रेल्वे व बाजारपेठ यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी हा सारा माल ज्यावर चालला त्या चाकाची झालेली नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) वऱ्हाडातील पारंपरिक चाकाची घडण व तिच्यामागील व्यवहारज्ञान समजून घेणे.
२) शंकरपटाच्या छकड्यातील हलक्या, अरुंद चाकाचा विचार यंत्रशास्त्राच्या साध्या तत्त्वांच्या आधारे करणे.
३) अरुंद चाकाकडे कायद्याने वेगवेगळ्या काळांत कोणत्या दृष्टीने पाहिले, याची चिकित्सा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कालखंड प्रामुख्याने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यापासून १८ मे २०२३ रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचा आहे.

१. धाव : चाकाची घडण

पारंपरिक चाकाचे मुख्य भाग चार. मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले लाकडी घेराचे तुकडे आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी धाव. लाकडी काम सुताराचे, धावेचे काम लोहाराचे. लाकडाची निवडही ठरलेली असे. आघात सोसणाऱ्या भागांसाठी बाभूळ, तर बळकटी व लवचिकता हवी तेथे मेळघाटाच्या बाजूच्या जंगलातील साग, तिवस, धावडा अशी लाकडे वापरली जात.

धाव बसविण्याची क्रिया ही ग्रामीण तंत्रज्ञानाचा उत्तम नमुना आहे. लोखंडी कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केले जाते. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत ते लाल होईपर्यंत तापवतात, सांडशींनी उचलून चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना कडे आकसते व सारे सांधे घट्ट आवळले जातात. हिशेबाने पाहिल्यास सुमारे साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर ४३० सेंटीमीटर भरतो. लोखंड सहाशे अंशांनी तापले तर एवढ्या लांबीत सुमारे तीन सेंटीमीटर वाढ होते. लोहाराला हे सूत्र कागदावर माहीत नव्हते. परंतु कडे किती 'कमी' ठेवायचे हे त्याचा हात जाणत होता. कडे फार लहान ठेवले तर आरे वाकतात, फार मोठे ठेवले तर धाव निसटते.

वऱ्हाडच्या हवामानाने या कौशल्याची आणखी परीक्षा घेतली. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या कोरड्या उष्णतेत लाकूड आकसते, लोखंड मात्र प्रसरण पावते आणि धाव ढिली होते. म्हणून चाके नाल्यात किंवा डोहात भिजत ठेवण्याची पद्धत होती. चाकाचा टिकाऊपणा हा त्याच्या रुंदीवर जेवढा, तेवढाच मालकाच्या निगराणीवर अवलंबून होता, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

धाव अरुंद का ठेवली जाई, याची कारणे व्यावहारिक आहेत. पहिले कारण लोखंडाची किंमत. रुंदी दुप्पट केली की लोखंड दुप्पट लागते. दुसरे कारण वजन. तिसरे कारण माती. पावसाळ्यात काळी माती रुंद चाकाला गोळ्यांनी चिकटते व चाक जड होत जाते. उंच व अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. मऊ जमिनीत चाकाची रुंदी वाढविण्यापेक्षा व्यास वाढविणे अनेकदा अधिक उपयुक्त ठरते, ही यंत्रशास्त्रातील मान्य गोष्ट आहे. वऱ्हाडी बंडीचे उंच चाक हे त्यामुळे मागासलेपणाचे लक्षण नसून जमिनीला दिलेले उत्तर होते.

२. काळी माती, कापूस आणि चाकोरी

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून दूरच्या मिर्झापूरच्या पेठेपर्यंत जात असे. पाठीवरच्या वाहतुकीस चाक लागत नाही व रस्ताही फारसा लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–१८६५) काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा असा पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब–खामगाव आणि १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती या शाखा सुरू झाल्या.

रेल्वेमुळे बैलगाडी मागे पडली असा समज सर्वसाधारणपणे दिसतो. वस्तुस्थिती उलट आहे. लांब पल्ल्याची वाहतूक रेल्वेकडे गेली. परंतु शेतापासून सरकीच्या कारखान्यापर्यंत व तेथून स्थानकापर्यंतचा प्रवास बंडीवाचून शक्य नव्हता. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. भारतातील अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा मानला जातो. हंगामात बाजाराच्या आवारात बंड्यांच्या रांगा लागत. व्यापारी बंडीतील कापूस हातात घेऊन पाहत व भाव ठरत. म्हणजे बंडी ही वाहतुकीचे साधन तर होतीच, शिवाय विक्रीचे ओटेही तीच होती.

या साऱ्या बंड्यांनी वऱ्हाडच्या जमिनीवर आपली लिपी उमटविली, ती म्हणजे चाकोरी. पावसाळ्यात ओल्या मातीत पडलेली चाके उन्हाळ्यात दगडासारख्या कठीण खाचा होऊन राहत. पुढच्या गाडीला त्याच खाचांतून जावे लागे. म्हणून दोन चाकांमधील अंतर परिसरातील इतर गाड्यांशी जुळणारे असणे सोयीचे होते. ज्याच्या गाडीचे अंतर वेगळे, त्याचे एक चाक खाचेत व दुसरे उंचवट्यावर. अशा रीतीने कोणत्याही लेखी नियमाशिवाय एक मोजमाप रूढ झाले. चाकाने रस्ता घडविला आणि मग रस्त्याने चाकाला नियम घालून दिला. 'चाकोरीबाहेर जाणे' हा आज मनाच्या स्वातंत्र्यासाठी वापरला जाणारा वाक्प्रचार मुळात आस मोडण्याच्या धोक्याशी निगडित होता, हे विसरता येत नाही.

३. पटाचे चाक : वेगाचा हिशेब

ओझ्याच्या या जगाशेजारीच वेगाचे एक जग होते. पिके घरात आल्यावर, हिवाळ्याच्या दिवसांत, वऱ्हाडात व एकूणच विदर्भात शंकरपट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर (तालुका धामणगाव रेल्वे) येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध असून तेथे स्त्रियाही जोडी हाकतात. पटाचे स्वरूप साधे आहे. सरळ, आखीव पट्टी, हलका छकडा, दोन बैल, एक धुरकरी. कमीत कमी सेकंदांत अंतर कापणारी जोडी विजयी. येथे वळण नाही, ओझे नाही, दीर्घ पल्ला नाही. सारा प्रश्न थांबलेल्या स्थितीतून पूर्ण वेग किती लवकर गाठता येतो, एवढाच असतो.

या प्रश्नाचे उत्तर बैलांइतकेच चाकातही दडलेले आहे. गाडीच्या साटीवरील एक किलो वजन फक्त पुढे ढकलावे लागते. चाकाच्या घेरावरील एक किलो पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. सर्व वजन घेरावर आहे असे मानल्यास त्याला दिलेली ऊर्जा साटीवरील तेवढ्याच वजनाच्या दुप्पट होते. म्हणून धावेतून दोन किलो लोखंड कमी करणे हे साटीतून सुमारे चार किलो कमी करण्यासारखे आहे. पटाच्या छकड्याचे चाक हलके व अरुंद ठेवण्यामागील तर्क हाच. हिवाळ्यात पट्टी कोरडी व कठीण असते, छकड्यावर धुरकऱ्याखेरीज भार नसतो. त्यामुळे अरुंद चाक रुतण्याची भीतीही उरत नाही. जे चाक आषाढातल्या शेतात निरुपयोगी ठरेल, तेच पौषातल्या पटावर सर्वोत्तम ठरते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच हिशेब मोटारीच्या संदर्भात मांडला गेला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात तरुणांनी जुन्या मोटारी हलक्या करून, त्यांत दमदार इंजिने बसवून त्या सरळ पट्टीवर पळविण्यास सुरुवात केली. अशा मोटारींना 'हॉट रॉड' व शर्यतीला 'ड्रॅग रेस' म्हणतात. १९५० मध्ये सांता आना येथे अशा शर्यतींची व्यावसायिक पट्टी सुरू झाली आणि १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली. पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर तेथे रूढ झाले. या मोटारींची मागची चाके अतिशय रुंद व पुढची अतिशय अरुंद असतात. जोर मागच्या चाकांतून जमिनीला लागतो, म्हणून तेथे पकड हवी. वेग घेताना मोटारीचा भार मागे झुकतो, पुढच्या चाकांवर फारसे ओझे उरत नाही. म्हणून ती जितकी हलकी व अरुंद, तितके बरे. छकड्यात ओढणारे पाय बैलांचे असतात आणि चाके केवळ मागून फिरतात. त्या अर्थाने छकड्याची दोन्ही चाके म्हणजे हॉट रॉडची पुढची चाकेच होत.

परंतु हीच मोटार शर्यत संपल्यावर सार्वजनिक रस्त्यावर आणायची झाली तर प्रश्न बदलतो. रस्त्यावर ब्रेक दाबताना भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकांना करावे लागते. पावसात वळताना पकडही त्यांनाच द्यावी लागते. तेथे अरुंद टायर निवडताना त्यावर अंकित भारक्षमता, वेगमर्यादा, टायर व रिम यांचा मेळ आणि नक्षीची खोली या बाबी पाहणे अपरिहार्य ठरते. केवळ शर्यतीसाठी केलेला टायर रस्त्यासाठी वैध नसतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ उत्पादकाने ठरविलेल्या वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारे बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही टायरची स्थिती व आकार यांविषयी तरतुदी आहेत. पट्टीवर जे गुण, ते रस्त्यावर दोष. आणि या दोहोंमधील सीमारेषा कायदा आखतो. ही सीमारेषा कशी आखली गेली, हे पाहण्यासाठी मोटारीपूर्वीच्या काळात जावे लागते.

४. रस्त्याचा कायदा : रुंद चाकापासून नागपूर योजनेपर्यंत

चाकाच्या रुंदीवर कायद्याने लक्ष ठेवण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने पथकर घेतल्या जाणाऱ्या रस्त्यांवर जड मालगाड्यांच्या चाकांची रुंदी किमान नऊ इंच असावी असे ठरविले. रुंद चाक रुळासारखे रस्ता दाबील, अशी अपेक्षा होती. गाडीवानांनी त्यातून पळवाट काढली. चाके नऊ इंच रुंद केली. परंतु मधले लोखंडी कडे इतके उंच ठेवले की प्रत्यक्ष भार त्या अरुंद पट्टीवरच येई. कागदावर चाक रुंद, जमिनीवर अरुंद. कायद्याची अक्षरे पाळली गेली, रस्ता मात्र फुटतच राहिला.

वऱ्हाडात आलेले रस्ते मॅकॅडम पद्धतीचे, म्हणजे खडीचे होते. फोडलेल्या दगडांचे थर वाहतुकीच्या भाराने घट्ट बसतात, हे या पद्धतीचे मूलतत्त्व. लोखंडी धाव खडी चिरडून बारीक चुरा करीत असे. तो चुरा पाण्यासह खडीच्या फटींत बसून रस्ता बांधला जाई. अर्थात बंडी रस्ता झिजवीत होती, तशीच काही अंशी तो बांधीतही होती. मोटारी आल्यावर हा समतोल बिघडला. रबरी टायर वेगाने फिरताना खडीतील बारीक चुरा उपसून काढतात. धुळीचा व उखडलेल्या खडीचा हा प्रश्न इतका गंभीर झाला की त्याचा विचार करण्यासाठी १९०८ मध्ये पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली. उपाय म्हणून रस्त्यांवर डांबर आले. आता डांबराचा पातळ थर मोटारीला सोयीचा झाला. पण लोखंडी धाव तो कापू लागली.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरेल. उदाहरणादाखल एकूण हजार किलो भाराची बंडी घेतली तर प्रत्येक चाकावर पाचशे किलो येतात. पाच सेंटीमीटर रुंदीची धाव कठीण रस्त्याला जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीत टेकते असे धरल्यास दर चौरस सेंटीमीटरवर पन्नास किलो भार येतो. हवा भरलेल्या टायरचा दाब साधारणपणे त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. तो साडेतीन किलो धरला तर धावेचा दाब त्याच्या चौदापट होतो. डांबरी रस्त्याच्या अभियंत्यांना बंडी शत्रू वाटू लागली, याचे कारण यात आहे.

मात्र इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. बंडी बदलली नव्हती. रस्ता बदलला होता. मोटारीने जुन्या रस्त्याचे नुकसान केले तेव्हा रस्ता बदलण्यात आला. बंडीने नव्या रस्त्याचे नुकसान केले तेव्हा मात्र बंडीने बदलावे असे म्हटले गेले. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. त्या प्रक्रियेतून १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. लोखंडी धावेच्या गाड्यांचे काय करावे, हा या काळातील अभियंत्यांपुढील मोठा प्रश्न होता. याच दशकात बैलगाडीसाठी हवेचे टायर बाजारात आले. पश्चिम महाराष्ट्रात तर अशा गाडीला कंपनीच्या नावावरून 'डनलॉप' गाडी असेच म्हटले जाऊ लागले. परंतु टायर, ट्यूब, धारवा आणि पंक्चरचा खर्च कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास सहज पेलणारा नव्हता. बाभळीचे काटे पसरलेल्या पांदणीत हवेचे चाक किती टिकणार, हाही प्रश्न होताच.

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तीतून आलेल्या वीस वर्षांच्या 'नागपूर योजने'ने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामरस्ते अशी वर्गवारी केली. दर शंभर चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ते आणि विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, अशी उद्दिष्टे तीत होती. या पाच मैलांकडे बंडीच्या बाजूने पाहिले पाहिजे. ते पाच मैल चाकोरीचेच राहणार होते. तेथे उंच व अरुंद चाकच उपयोगी होते. म्हणजे एकाच प्रवासात शेतकऱ्याने पहिले पाच मैल धावेवर व पुढचे रबरावर काढावेत, अशी ही अव्यवहार्य अपेक्षा होती.

५. बैलाचा खांदा : १९६० नंतर

स्वातंत्र्यानंतर कायद्याची दृष्टी रस्त्यावरून बैलाकडे वळली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये झाला. त्याखालील ओढकाम व ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत भाराची कमाल मर्यादा चाकाच्या प्रकाराशी जोडली गेली. मध्यम आकाराच्या बैलांच्या दुचाकी गाडीस हवेचे टायर नसल्यास ७०० किलो, हवेचे टायर असल्यास १०५० किलो आणि बॉल बेअरिंग बसविलेले असल्यास १४०० किलो अशी ही मर्यादा आहे.

या तीन आकड्यांचे महत्त्व मोठे आहे. टायरमुळे भार दीडपट आणि बेअरिंगमुळे दुप्पट होतो, अशी ही रचना आहे. अर्थात, नियमकर्त्यांच्या मते बैलाचा त्रास कमी करणारा घटक केवळ चाकाचा घेर नसून चाक व आस यांच्यामधील घर्षण हाही आहे. वंगण नसलेला तुंबा आसावर घासतो तेव्हा त्याची किंमत बैलाचा खांदा मोजतो. रस्ते अभियंत्यांनी धावेच्या रुंदीला दिलेले महत्त्व वऱ्हाडी शेतकऱ्यास परके वाटले असेल. तुंब्यातील वंगणाचे महत्त्व मात्र त्याला पूर्वीपासून ठाऊक होते. भारतीय व्यवस्थापन संस्था, बंगळूर येथील एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडला तो याच दिशेने. बैलगाडी ही टाकाऊ वस्तू नसून दुर्लक्षित तंत्रज्ञान आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

६. पटावरील बंदी व परवानगी

ओझ्याच्या बंडीविषयीची चर्चा मागे पडत असताना वेगाचा छकडा न्यायालयात पोहोचला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाचा समावेश, ज्यांचे प्रदर्शन वा खेळ करण्यास मनाई आहे अशा प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बेकायदेशीर ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीत धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिची अंमलबजावणी न्यायालयीन वादात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली.

या दीर्घ वादात एका बाजूस प्राण्याची वेदना व दुसऱ्या बाजूस परंपरा असे दोन पक्ष उभे राहिले. दोन्ही मुद्दे गंभीर आहेत. तथापि, ज्या वस्तूमुळे बैलावरील ताण कमी किंवा अधिक होतो, त्या छकड्याकडे व त्याच्या चाकाकडे या चर्चेत फारसे लक्ष गेले नाही. १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या गाडीचे चाक पाहिले. पटाच्या छकड्याविषयी त्याच प्रकारचा विचार होणे शक्य व आवश्यक आहे. हलके चाक, नीट वंगण, दोन्ही खांद्यांवर समान येणारे जू, या गोष्टी वेगाला पोषक आहेत, तशाच बैलालाही. पटावर वेग व दया यांचा हिशेब सर्वस्वी परस्परविरोधी नाही. चाबूक, टोचणी व उत्तेजक द्रव्ये यांनी मिळविलेला वेग मात्र या हिशेबात बसत नाही, आणि तो कोणत्याही परंपरेच्या नावाने समर्थनीय ठरत नाही.

दुसरीकडे, ओझ्याच्या चाकाचा प्रश्नही संपलेला नाही. ट्रॅक्टर आले, बंड्या कमी झाल्या; परंतु शेतापर्यंतची पांदण अनेक गावांत अद्याप चिखलाचीच आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली, हीच या प्रश्नाची शासकीय कबुली होय. नागपूर योजनेने मागे ठेवलेल्या त्या पाच मैलांचा हिशेब आठ दशकांनंतरही पूर्ण झालेला नाही.

निष्कर्ष

१) वऱ्हाडातील उंच व अरुंद चाक हे काळी माती, लोखंडाची किंमत व स्थानिक लाकूड यांच्या विचारातून घडलेले साधन होते. त्यास मागासलेले म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

२) चाकाची योग्यता चाकात नसून चाक, जमीन व काम यांच्या संबंधात असते. कोरड्या पट्टीवर जे चाक उत्तम, ते डांबरावर घातक व चिखलात निरुपयोगी ठरू शकते. ही बाब शंकरपटाच्या छकड्यास जशी लागू आहे, तशीच हॉट रॉडच्या अरुंद टायरलाही.

३) रस्त्याच्या कायद्याने दीर्घकाळ अरुंद चाकाला दोषी धरले; परंतु रस्ता मोटारीसाठी बदलल्यामुळे ते दोषी ठरले होते. बदलाचा लाभ एकाला व खर्च दुसऱ्याला, असे या इतिहासाचे स्वरूप आहे.

४) १९६५ च्या नियमांनी चाक, आस व बैलाचा भार यांचा एकत्रित विचार केला. हाच दृष्टिकोन पटाच्या छकड्यास लावल्यास परंपरा व प्राणिदया यांतील संघर्ष काही अंशी तरी सौम्य होऊ शकेल.

५) धाव तापवून चाकावर चढविणारे लोहार व तुंबा कोरणारे सुतार यांचे ज्ञान लेखी स्वरूपात फारसे उपलब्ध नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी एकत्र येऊन जुन्या बंड्या, दमण्या व छकडे यांच्या चाकांची मापे, वजने व रेखाटने नोंदवून घेणे निकडीचे आहे. व्यास, धावेची रुंदी, आऱ्यांची संख्या, लाकडाचा प्रकार व दोन चाकांमधील अंतर एवढ्या पाच नोंदी प्रत्येक चाकासाठी घेतल्या तरी पुढील अभ्यासकांना मोठा आधार मिळेल.

चाकोऱ्या आता डांबराखाली व सिमेंटखाली बुजत चालल्या आहेत. ज्या चाकांनी त्या पाडल्या ती चाकेही गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहेत. धाव गंजण्यापूर्वी तिची रुंदी मोजून ठेवणे, एवढे काम या पिढीच्या अभ्यासकांकडे उरले आहे.